कुंवरजीची वायर, माझी वायर

कोडकी, १४ नोव्हेंबर

भाई कुंवरजी,

जय स्वामिनारायण. मी सुखरूप पोचले हे तुला कळवायची गरज नाही, तू पाहिलंसच. भुजहून आणलेली टॅक्सी फाटकाशी थांबली, ड्रायव्हरनं बॅगा उतरवल्या आणि मी कुलपाशी झटापट करत होते तेवढ्यात फाटकावरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. तिकडे लंडनला, हॅरोत, तेव्हा सकाळ असणार. चहा घेऊन बसला असशील.

माझा नंबर तू तुझ्या फोनमधून बंद करून टाकलायस, म्हणून हे पत्र. भानूच्या फोनवरून तुला गाठता आलं असतं, पण मुलीच्या आडून दिराशी बोलायची मला सवय नाही. वेकरियांचा धीरज लग्न आटोपून बुधवारी लंडनला परततोय, त्याच्याकडे देते आहे. तो तुझ्या दारात टाकेल.

तुझं म्हणणं मी विसरलेले नाही. करसन गेल्यावर हे घर विकायचं तू ठरवलंस, भुजचा व्यापारी तयार केलास, माझ्या सहीपुरतं सगळं अडलं. निम्मं घर करसनचं, म्हणजे माझं. मी सही केली नाही, तिकीट काढलं. मग समाजाच्या हॉलमध्ये, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर तू म्हणालास, ‘भाभीला घर नकोय, तिला हट्ट हवाय.’ त्या दिवसापासून तू बोलत नाहीस. ठीक आहे. माझं काय अडलंय? वेम्बलीच्या त्या फ्लॅटमध्ये मी आयुष्यभर हीटरवर कपडे वाळवले. इथं सकाळी दोरीवर टाकलेला साडला जेवणाआधी घडी करून कपाटात जातो. एवढ्यासाठीसुद्धा मी आले असते.

पहिलं काम फोनचं केलं. भुजला दुकानात सिमकार्ड घ्यायला गेले तर मशीनवर माझा अंगठा काही उठेना. विमानाच्या जेवणाचे ट्रे भरून भरून बोटांवरच्या रेघा गेल्यात म्हणे. दुकानदारानं बोटं पुसायला लावली, तेल लावायला लावलं, शेवटी उजव्या हाताचं मधलं बोट मशीनला पटलं. लंडनचा नंबरही मी जुन्या फोनमध्ये जिवंत ठेवलाय, बँकेचे आकडे त्याच्यावरच येतात. आता दोन्ही फोन कमरेच्या पिशवीत असतात.

पण घरात एकही लागत नाही. भूकंपानंतर तुम्ही दोघा भावांनी हे घर बांधलं तेव्हा पुन्हा कधी पडू नये म्हणून भिंतीत इतक्या सळ्या घातल्यात की आत आवाजच शिरत नाही. गच्चीवर गेलं की लागतो. आणि भानूची अट तुला माहीत आहे. रोज माझं तोंड तिला दिसलं पाहिजे. होळीपर्यंत वाट बघणार, तोपर्यंत घरात नीट व्यवस्था झाली नाही तर येऊन मला घेऊन जाणार. विनंती नाही, तिनं सांगूनच टाकलंय.

तुझी डबी दिवाणखान्यात कपाटावर लुकलुकत असते. तुझ्या नावावरचं इंटरनेट, तुझे कॅमेरे, तुझा पासवर्ड. भानूनं तुला पासवर्ड विचारला होता हे मला कळलंय. तू म्हणालास, ‘भाभीला हवा असेल तर भाभीनं मागावा.’

मागणार नाही. मी माझी वेगळी वायर घेईन. तू बघच. बघतोच आहेस म्हणा.

वालबाई


कोडकी, २७ नोव्हेंबर

भाई कुंवरजी,

परवा फाटकातून एक पाठीवर पिशवी घेतलेला तरुण आत आलेला तू पाहिला असशील. चोर नव्हता. मोठ्या कंपनीचा माणूस, मितेश नाव. त्यांचं इंटरनेट हवेतून येतं, वायर लागत नाही. गच्चीवर त्यानं पांढरी डबी ठेवली आणि मला फोनवर आकडे दाखवू लागला. आकडे एवढे मोठे की तोच खूश झाला.

मी म्हटलं, ‘मला आकड्यांशी काय करायचंय? भानूचं तोंड स्वयंपाकघरात दाखव.’

डबी खाली आणली. स्वयंपाकघरात भानूला लावलं. ती दिसली, ‘बा, तू जेवलीस...’ एवढं म्हणाली आणि तोंड उघडं तसंच राहिलं. आम्ही दोघं तिच्या दाढेकडे बघत बसलो. मितेश म्हणाला की गच्चीवर तबकडी बसवू, तिथून वायर खाली सोडू. म्हटलं, म्हणजे वायर आलीच की. वर मी त्याला माझा नेहमीचा प्रश्न विचारला, बिघडलं तर कोण येणार? तो म्हणाला, ह्या नंबरवर फोन करायचा. मी म्हटलं, ‘नंबर नको. जो येणार त्याचं नाव सांग.’ तो हसला. त्याची स्वतःची बदली पुढच्या महिन्यात राजकोटला व्हायची होती. मी त्याला चहा पाजला, डबी परत त्याच्या पिशवीत घातली.

मग एसटीनं भुजला जाऊन सरकारी टेलिफोनच्या कचेरीत चौकशी केली. आपल्या घरचा जुना फोन आठवतो ना? बापूजींच्या वेळचा, काळा. मला वाटलं होतं तीच लाइन जिवंत करून घेऊ. खिडकीत एक चष्मेवाली बाई होती. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. तांब्याची ती जुनी वायर रस्ता रुंद केला तेव्हाच उखडली गेली, आता सगळं काचेच्या वायरीतून येतं, आणि आपल्या गावात ती वायर ओढायचं काम अरजण आहिर करतो, त्यालाच भेटा, असं तिनं सरळ सांगून टाकलं. माझी एसटीची फेरी फुकट गेली, पण बाई आवडली. कामाच्या ठिकाणी माझ्या हाताखाली चाळीस बायका होत्या, त्यात अशा दोन-तीनच निघायच्या.

तेव्हा अजून काही ठरलेलं नाही. ठरेल. घाईनं घेतलेली वस्तू मी कधी परत केलेली नाही, कारण मी घाईनं घेतच नाही.

गुडघा छान आहे. दिवसातून दोनदा गच्चीवर जाते, भानूशी बोलते, उन्हात बसते. मेघबाई शेजारून छास पाठवते. तुला विचारत होती. म्हटलं, मला काय माहीत.

वालबाई


कोडकी, ९ डिसेंबर

कुंवरजी,

आज भाई लिहिलेलं नाही. मुद्दाम.

दिवाणखान्यातल्या कॅमेऱ्यावर टॉवेल मीच टाकलाय. ओसरीतल्या कॅमेऱ्यावर करसनचा जुना फेटा. वारा नाही, माकड नाही. मी.

कारण सांगते. गेल्या पत्रात गुडघा छान आहे असं लिहिलं होतं. ते लिहिलं त्याच्या आदल्याच दिवशी गच्चीच्या जिन्यावर माझा पाय घसरला होता. फार नाही, खालच्या चार पायऱ्या. पण बसले तिथून उठता येईना. तुझ्या फाटकावरच्या कॅमेऱ्याला जिना दिसतो हे मला तेव्हा सुचलंच नाही. थोड्या वेळानं मेघबाई हळद आणि गरम तेलाची वाटी घेऊन आली. म्हणाली, सहज आले. वाटी घेऊन कुणी सहज येतं का? मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, असेल योगायोग.

काल ती दुसऱ्यांदा आली, ह्या वेळी पाय शेकायची पिशवी घेऊन, आणि बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं, ‘कुंवरजीभाई म्हणत होते, भाभी अजून लंगडत चालतात.’ मग तिनं जीभ चावली.

म्हणजे तू मेघबाईला फोन करतोस. हॅरोतून माझ्या शेजारणीला फोन करून सांगतोस की माझ्या घरात मी कशी चालते. आणि मला नाही करत. कुंवरजी, लंडनच्या आधी आम्ही नैरोबीत होतो, तिथं तू अठरा वर्षांचा आलास तेव्हा तुला इंग्रजीत बसचं तिकीटसुद्धा मागता येत नव्हतं. मी तुला डबा करून दिला, तुझ्या कॉलरी घासल्या, तुझ्या लग्नासाठी जशू मी पसंत केली. पडले तर मला विचार, ‘भाभी, लागलं का?’ ह्यात अवघड काय आहे? तेवढं होत नसेल तर मग बघूही नको. म्हणून टॉवेल.

ओसरीत एक कोपरा आहे, पाण्याच्या मडक्यांच्या पलीकडे. तो तुझ्या कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. आल्यापासून माझी खाट तिथं आहे. हेही आज सांगून टाकते.

आता कामाचं. काल रागातच मी अरजण आहिरकडे गेले. आपल्या गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान, आत वायरींची भेंडोळी आणि एक जुनी शिडी. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. त्याचं इंटरनेट मितेशच्या कंपनीपेक्षा हळू चालतं, त्यानं ते स्वतःच सांगितलं. वीज गेली तर डबी बंद पडते, तिला वेगळी बॅटरी लावावी लागते, तीही त्यानं आणून दाखवली. पावसाळ्यात ढग गडगडले की वायर काढून ठेवायची, नाहीतर डबी जळते. मी माझा प्रश्न विचारला, बिघडलं तर कोण येणार?

तो म्हणाला, ‘मीच. आणि आलो नाही तर तुम्ही कुठं जाता? माझ्या दुकानावरूनच देवळात जाणार. सगळ्या बायका उभ्या राहून मला ऐकवतात, माझी बायको पहिली.’

एवढं पुरलं मला. अरजणचीच वायर घेतेय.

वालबाई


कोडकी, २१ डिसेंबर

भाई कुंवरजी,

हे पत्र चार वेळा सुरू केलं.

सोमवारी अरजण आला. शिडी भिंतीला लावली, वर चढला आणि म्हणाला की भिंतीत एकच भोक आहे, त्यातून कुंवरजीभाईंची वायर आत जाते, दुसरं पाडू का? भिंत तुमच्या दोघांची आहे, मला तिला भोक पाडवेना. म्हटलं, बसत असेल तर त्यातूनच घाल. बसली. तुझी काळी, माझी पांढरी. आत माझी डबी तुझ्या डबीशेजारीच ठेवली, कपाटावर दुसरी जागा नाही.

स्वयंपाकघरातून भानूला लावलं. रोटले थापता थापता सगळं बोलणं झालं, तिचं तोंड एकदाही उघडं राहिलं नाही. ती म्हणाली, ‘बा, तुझ्या मागं भिंतीवर पाल आहे.’ इतकं स्वच्छ. होळीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

मग अरजण चहाला बसला आणि त्याची नजर टॉवेलवर गेली. मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘म्हणून कुंवरजीभाईंचा रोज फोन येतोय होय. मी म्हटलं वायर तर ठीक आहे.’

मी म्हटलं, तुलाही फोन करतो? तो म्हणाला, त्यांची लाइनही माझीच ना, चित्र जरा अडकलं की करतात, पण खास करून सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या दिवशी दुपारी इकडे वीज गेली की लगेच फोन. त्यांना त्या तीन दिवशी चार तास खाटेवर पडून राहावं लागतं ना, हाताला नळ्या लावलेल्या असतात, म्हणतात, ‘अरजण, तेवढा वेळ मला घर दिसू दे, बाकी दिवस बंद पडलं तरी चालेल.’

मी विचारलं, कसल्या नळ्या?

अरजणला वाटलं होतं मला माहीत असणार. घरचंच माणूस मी. त्यानं कप खाली ठेवला. मग हळूहळू सांगितलं की रक्त धुवायचं मशीन. गेल्या उन्हाळ्यापासून. मूत्रपिंडं गेली आहेत म्हणून.

अरजणवर रागावू नकोस. त्यानं चुगली केली नाही, तो समजला की मी तुझी आहे.

तो गेल्यावर मी टॉवेल काढला, फेटा काढला, घडी करून ठेवला. मग दिवाणखान्यात खुर्ची ओढून कॅमेऱ्यासमोर बसले. तू ते पाहिलंस की नाही मला माहीत नाही. लाल दिवा होता.

करसन आजारी होता तेव्हा तू रोज यायचास. त्याला दाढी करून द्यायचास. आणि तुझं स्वतःचं झालं तेव्हा घरात कुणालाच कळू दिलं नाहीस. जशू गेल्यापासून त्या घरात तू एकटा, मशीनवरून एकटाच बसनं घरी येतोस का? कोण जेवण देतं? हे मी विचारतेय त्याचं उत्तर दे. मेघबाईमार्फत दिलंस तरी चालेल.

आणखी एक. मी विचार करत होते की तू हे घर विकायला का निघालास. तुझ्या मनात पैसा कधी नव्हता, तुला मी ओळखते. मशीन सोडून तुला इथं येता येणार नाही. आता कधीच राहायला येता येणार नाही, असं कुणीतरी डॉक्टर म्हणाला असेल, आणि तू ठरवलंस की जिथं जाता येत नाही ते नसलेलंच बरं. पण मग कॅमेरे का काढले नाहीस? चूक असेल तर चूक म्हण. म्हण तरी काहीतरी.

शेंगा भाजल्यात, धीरजचा भाऊ येईल त्याच्याकडे पाठवते. शेंगा तुला चालतात का ते मात्र आधी डॉक्टरला विचार.

तुझी भाभी


कोडकी, ३ जानेवारी

भाई कुंवरजी,

तुझी डबी बंद आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळी उठले तर कपाटावर एकच दिवा, माझा. कॅमेऱ्यांचे लाल दिवेही गेलेले.

अरजणला बोलावलं. तो म्हणाला, तुझं महिन्याचं भरणं राहिलंय, म्हणून लाइन आपोआप थांबली. ‘असं कधी होत नाही, ते एक दिवस आधीच भरतात.’ मी विचारलं, त्याचा फोन कधी आला होता? तो आठवत राहिला. नाताळाच्या आधी. त्यानंतर एकदाही नाही. मधे एक बुधवार वीज गेली होती, तरी नाही.

मी तिथंच, अरजण उभा असताना भानूला फोन लावला. इतकी सकाळ होती तिथं की ती घाबरून उठली. मी म्हटलं, काकाच्या घरी जा. आत्ता. नाश्ता नंतर कर.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू झोपलेला होतास. भानूनं तुझी बेल वाजवली, कुणी नाही. शेजारच्या आयरिश बाईनं सांगितलं की तुला रुग्णवाहिकेतून नेलं, तुझ्या नळीच्या जागी जंतू शिरलेत, ताप आहे. भानू थेट तिकडे गेली. नर्स तिला आत सोडेना, नातं काय विचारू लागली. भानूनं सांगितलं, ‘माझे काका आहेत, आणि माझी आई कच्छमध्ये फोन धरून बसलीय, तिला चेहरा दाखवल्याशिवाय मी इथून हलणार नाही.’ माझी मुलगी आहे ती.

मग मी तुला पाहिलं. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला फोन टेकवून. नाकाला ऑक्सिजन, दाढी वाढलेली, पांढरी. किती बारीक झालायस. भानूनं फोन तुझ्याजवळ धरला होता आणि तू झोपेत ओठ हलवत होतास, काय म्हणत होतास ते कळलं नाही. मी बराच वेळ बघत राहिले. तू जागा नव्हतास आणि तुला न सांगता मी तुला बघत होते, तेव्हा मनात आलं की आता कुणी तुझ्यावर टॉवेल टाकला तर मी काय करेन.

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय. वेळेवर आलात असं ते भानूला म्हणाले नाहीत, तू स्वतःच रुग्णवाहिका बोलावली होतीस. पण एकट्यानं पडून राहण्याचे दिवस संपले असं ती त्यांच्यासमोर म्हणाली. ती रोज जाते आहे. डबा नेते, मीठ न घातलेला. तू नाक मुरडलंस तर मला कळेल, ती फोन सुरूच ठेवते.

इकडे मी अरजणला सांगितलं, कुंवरजीचे कॅमेरे माझ्या डबीवर लाव. तो म्हणाला, त्यांना विचारावं लागेल. मी म्हटलं, शुद्धीवर येऊन त्यानं फोन उघडला आणि घर काळं दिसलं तर? लाव. तुला काही करावं लागणार नाही असं तो म्हणतो, तुझ्या फोनवर आधीसारखंच दिसेल. फाटकावरचा कॅमेरा मात्र मी काढून ओसरीच्या खांबावर बसवून घेतलाय, अंगणाकडे तोंड करून. फाटक बघून तू काय करणार? गावात चोर नाहीत. अंगणात निदान माणसं येतात. सकाळी चिमण्या, दुपारी मेघबाई, संध्याकाळी देवळातून परतणाऱ्या बायका पाणी प्यायला थांबतात. आपण लावलेला चिकूही त्यात येतो. ह्या वर्षी लगडलाय.

आणि खाट मी मडक्यांपलीकडून काढली. अंगणात टाकलीय.

लवकर बरा हो. पत्र भानूच्या पत्त्यावर धाडतेय, ती वाचून दाखवेल. पण रडत वाचली तर थांबव तिला.

तुझी भाभी


कोडकी, १९ जानेवारी

भाई कुंवरजी,

आता तू बोलायला लागलास तर पत्र कशाला, असं म्हणशील. पण तुझा आवाज त्या कॅमेऱ्यातून इतका मोठा येतो की सगळी गल्ली ऐकते. काही गोष्टी गल्लीनं ऐकायच्या नसतात. म्हणून लिहिते.

काल काय झालं ते तू तुझ्या बाजूनं पाहिलंस, मी माझ्या बाजूनं सांगते. थंडीत ऊन मिळावं म्हणून सध्या गॅसची शेगडी ओसरीत असते. दूध ठेवलं आणि भानूचा फोन आला. आदल्या संध्याकाळी तू घरी आलास, स्वतःच्या पायानं जिना चढलास, तिच्या हातची खिचडी खाऊन झोपलास, असं ती सांगत होती. मी आत दिवाणखान्यात बसून ऐकत होते. माझी नवीन लाइन, चित्र स्वच्छ, मी अगदी रंगून गेले होते.

आणि बाहेरून कुणीतरी पुरुष ओरडला, ‘भाभी! तुमचं दूध उतू जातंय!’

मी धावले. गुडघा विसरून धावले. अंगणात कुणी नाही, फाटक बंद. शेगडीवर दूध फसफसून खाली उतरत होतं. मी गॅस बंद केला आणि पदरानं पातेलं उतरवलं. मग मला उमगलं की ‘भाभी’ म्हणणारा जगात एकच माणूस उरलाय.

मला ठाऊकच नव्हतं की हे यंत्र बोलतं. अरजणला नंतर विचारलं, तो म्हणाला, पहिल्यापासून बोलतं, पलीकडच्यानं बटण दाबलं की झालं. म्हणजे इतके महिने तुझ्या बोटाखाली बटण होतं. ह्यावर मी काही म्हणत नाही. तूच विचार कर.

मी खांबाकडे बघत उभी होते. यंत्रातून तुझा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, ‘अर्धं वाचलं.’

तू म्हणालास, ‘साय गेली.’

मी म्हटलं, ‘साय तुला कुठं चालते आता?’

आणि तू हसलास. मेघबाई तेवढ्यात भिंतीवरून डोकावली, तिला वाटलं कुणी पाहुणा आलाय. मी म्हटलं, हो, कुंवरजी आलाय. ती चपला घालून यायला निघाली होती.

मग तू विचारलंस, जिन्यावर पडला होतात तेव्हा लागलं का? मी म्हटलं, आता विचारतोस? तू म्हणालास, रोज विचारत होतो, बटण न दाबता. इथं मी आत निघून गेले ते दूध ठेवायला नाही. तुला तेवढं कळलं असेल.

घराचं तू काढलं नाहीस, मीही काढलं नाही. माझं म्हणणं एकदाच लिहिते. मी सही करणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. इथं राहायला मी हट्टानं आले हे खरं आहे, समाजाच्या हॉलमध्ये तू खोटं बोलला नव्हतास. पण मला घरही हवं होतं. दोन्ही असू शकतं माणसाला. तुझा अर्धा भाग तुझा आहे. त्यात तू राहायला येऊ शकत नसशील तर मी झाडून पुसून ठेवीन, चिकू उतरवीन, आणि तुला दाखवीन. तुझं महिन्याचं भरणं आता भरू नकोस, एका घरात दोन लाइनी लागत नाहीत असं अरजण म्हणतो, आणि तो पैसे मिळणाऱ्या बाजूचा असून म्हणतो. काळी वायर तो काढून नेणार होता. मी म्हटलं, राहू दे भिंतीत, तिनं काय खाल्लंय.

भानूला मी सांगितलंय की होळीला यायचंच असेल तर ये, पण मला न्यायला नको, चिकू खायला ये. ती बरं म्हणाली. तुझ्याकडे एक दिवसाआड येत जाईल, तेही ठरलंय, तू नको म्हणू नकोस.

आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी तू पुन्हा बटण दाबलंस. ह्या वेळी हळू. मी ताट वाढून घेत होते. तू म्हणालास, ‘भाभी, उद्या सोमवार. मशीनवर जायचंय. दुपारी तुम्ही अंगणात बसाल का?’

मी म्हटलं, बसेन. पण नुसती बसणार नाही, तुरीच्या शेंगा आल्यात, त्या सोलायच्या आहेत, बोलायला मला सवड व्हायची नाही.

तू म्हणालास, ‘बोलू नका. शेंगाच बघीन.’

भाभी